प्रादेशिक विकासात स्वयंसेवी संस्थांची भूमिका : आपल्या नंदुरबारकडे बघून



मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला मी सहज विचारलं, "संस्था म्हणजे काय रे?" हा शब्द आपल्याकडे मुलांच्या कानावर सारखा पडतो, म्हणून वाटलं कोणीतरी सांगेल. एक मुलगा लगेच उठला. "मॅडम, संस्थावाले म्हणजे पांढऱ्या गाडीतून येतात ते. फोटो काढतात, बिस्किटं देतात आणि जातात." वर्ग हसला, मीही हसले. पण तास संपल्यावर ते "आणि जातात" काही डोक्यातून जाईना.

डी.एड.ला असताना मला हाच प्रश्न परीक्षेत आला होता : 'आर्थिक व सामाजिक विकासात स्वयंसेवी संस्थांची भूमिका स्पष्ट करा.' मी लिहिलं होतं, जनजागृती करणे, महिलांचे सक्षमीकरण करणे, शासन व जनता यांतील दुवा म्हणून काम करणे. मार्क चांगले पडले. आता इतकी वर्षं अक्राणी तालुक्यात, म्हणजे आपल्या धडगाव भागात शिकवल्यावर ते उत्तर आठवतं तेव्हा वाटतं, त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकाही गावाचं नावही नव्हतं. म्हणून हा पाठ आपल्याच जिल्ह्याकडे बघून लिहिते आहे. वर्गात तो कसा घेतला तेही पुढे सांगते.

आधी शब्दाचा गोंधळ दूर करू. 'ना-नफा संस्था' म्हटलं की पालकांना वाटतं, म्हणजे सगळं फुकट, किंवा तिथे काम करणाऱ्यांना पगारच नसतो. तसं नसतं. संस्थेकडे पैसा येतो, पगार होतात, वर्षाच्या शेवटी शिल्लकही राहू शकते. फक्त ती शिल्लक कोणी मालकाने किंवा भागधारकाने वाटून घ्यायची नसते, पुन्हा कामातच घालायची असते. मुलांना मी गावदेवाच्या पूजेच्या वर्गणीचं उदाहरण दिलं. पूजा झाली, पैसे उरले, तर ते कोणी खिशात घालतं का? नाही, पुढच्या वर्षाला ठेवतात. मुलांना लगेच कळलं.

कायद्याने बघायचं तर अशा संस्थेची नोंदणी १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली, आपल्या राज्यात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली होते. विश्वस्त संस्थांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. मुलांना एवढं सांगायची गरज नाही. पण शाळेच्या दारात कोणी आलं तर आपल्याला माहीत असलेलं बरं.

आता आपला जिल्हा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. सहा तालुके : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात जवळजवळ सत्तर टक्के आदिवासी. साक्षरता ६४ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे राज्यात सगळ्यात कमी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हे' निवडले त्यात महाराष्ट्रातले चार आणि त्यांत आपण. पण जिल्हा एकसारखा नाही हे आपण राहणारे जाणतो. खाली तापीकाठी शहाद्याची काळी जमीन, ऊस, केळी, पपई. वर सातपुड्यात उतारावरची मका-ज्वारी, विखुरलेले पाडे, आणि एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला अर्धा दिवस. सरकारची योजना सगळीकडे एकाच मापाची येते. सपाटीवर बसते, डोंगरात अडते. संस्थांचं काम नेमकं या अडलेल्या जागी सुरू होतं असं मला वाटतं.

मात्र इथल्या बदलाची सुरुवात संस्थांनी केली असं समजू नका. १९३० च्या दशकात तळोदा भागात गुलाम महाराजांनी आपधर्माची चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा. कुठलं अनुदान नाही, कुठला प्रकल्प अहवाल नाही. पुढे १९७२ च्या सुमारास शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती हे त्यातलं मोठं नाव. सावकाराकडे आणि मोठ्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत मिळाव्यात, सालदारांना नीट मजुरी मिळावी, हे मुद्दे. दुष्काळाची वर्षं होती. त्याच काळात बायका एकत्र येऊन गावोगावचे दारूचे गुत्ते मोडत होत्या. पुढे १९७४ मध्ये राज्याने अनुसूचित जमातींच्या जमिनी परत देण्याचा कायदा केला. तो एकट्या शहाद्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, पण अशा लढ्यांशिवाय तो झाला असता असंही वाटत नाही.

ही संघटना होती, संस्था नव्हती. हा फरक मुद्दाम सांगते आहे, कारण आपण दोन्ही शब्द एकाच पिशवीत टाकतो. संघटना लोकांची असते, ती मागते आणि भांडते. संस्था बहुधा काहीतरी चालवते : शाळा, दवाखाना, बियाणं, प्रशिक्षण. आणि काही वेळा दोन्ही एकाच जागी होतं. त्याचं आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे जीवनशाळा.

सरदार सरोवर धरणाच्या बुडिताखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येणार होती. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली, नर्मदेच्या काठची. नर्मदा बचाओ आंदोलन त्या गावांत काम करत होतं. आता एक गोष्ट आपल्याला, म्हणजे सरकारी शाळेतल्या शिक्षकांना, टोचणारी आहे पण सांगायलाच हवी. त्यातल्या बऱ्याच गावांत शाळा कागदावर होती. इमारत नाही, शिक्षक पोचत नाही, हजेरीपत्रक मात्र भरलेलं. आंदोलनाने तक्रारी केल्याच, पण तक्रारीचं उत्तर येईपर्यंत पोरं मोठी होतात. म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाण या गावांत लोकांनीच शाळा सुरू केल्या. लाकूड, कूड, छप्पर गावाचं. शिक्षक गावातलेच किंवा शेजारच्या पाड्यातले शिकलेले तरुण. 'लढाई, पढाई साथ साथ' ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. पुढे मणिबेली, डनेल अशा गावांतही जीवनशाळा झाल्या, आणि त्या चालवण्याची जबाबदारी नर्मदा नवनिर्माण अभियान या विश्वस्त संस्थेने घेतली. पुनर्वसनाच्या गावातही जीवनशाळा गेली.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते भाषेचं. मी शहाद्याची. पहिल्यांदा धडगाव भागात रुजू झाले तेव्हा पहिलीची मुलं माझ्याकडे नुसती बघत बसायची. मी 'पाणी प्या' म्हणायचे, ती हलायचीच नाहीत. मला वाटलं मुलं लाजाळू आहेत. दोन महिन्यांनी कळलं, मुलांना पावरी येते आणि मॅडमला येत नाही, लाजायला तर मीच हवं होतं. जीवनशाळेत हा प्रश्न पहिल्या दिवशीच सुटलेला असतो, कारण गुरुजी घरच्याच बोलीत बोलतो आणि तिथून हळूहळू मराठीकडे नेतो. आज आपण प्रशिक्षणात 'मातृभाषेतून सुरुवात' असं ऐकतो, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहे. इथे तीसएक वर्षांपूर्वी ते नदीकाठच्या छपराखाली चालू होतं.

या शाळांपैकी काही पाण्याखाली गेल्या. पाणी वाढलं की वरच्या उतारावर पुन्हा बांधायची. मणिबेली तर १९९३ पासूनच बुडायला लागलं होतं. आजपर्यंत हजारो मुलं या शाळांतून शिकली, काही जण तिथेच शिक्षक झाले. धरणाबद्दल तुमचं माझं मत वेगळं असू शकेल. गुजरातमध्ये त्या पाण्यावर शेती करणाऱ्याचंही म्हणणं असेलच. पण मूल्यमापन करताना मी एवढंच बघते, की आंदोलनाचा जोर कमी-जास्त झाला, बातम्या बंद झाल्या, तरी गावात वाचणारी माणसं उरली.

माझी कसोटी हीच. संस्थेने किती वाटलं यापेक्षा ती निघून गेल्यावर गावाच्या हातात काय राहिलं ते बघायचं. शिकलेला माणूस राहिला का, एखादा हक्क कागदावर आला का, की फक्त भिंतीवर संस्थेच्या नावाची पाटी राहिली?

हक्काचं उदाहरण घ्या. २००६ चा वनहक्क कायदा. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागायचा तर दावा ग्रामसभेपुढे जातो. कायदा चांगला. पण दावा भरायचा कोणी? पुरावे कोणते जोडायचे, जमीन मोजायची कशी, दावा फेटाळला तर अपील कुठे? सातपुड्यातल्या ज्या माणसाने आयुष्यात तहसील कचेरीची पायरी दोनदा चढली आहे त्याच्यासाठी हे सगळं डोंगराएवढं. इथे लोकसंघर्ष मोर्चासारख्या संघटना आणि काही संस्थांनी लोकांना फॉर्म भरायला, म्हाताऱ्या माणसांचे जबाब नोंदवायला, मोजणी करायला शिकवलं आणि त्यासाठी मोर्चेही काढले. पट्टा हातात आला की तो संस्थेचा नसतो, त्या घराचा असतो. संस्था उद्या बंद पडली तरी पट्टा राहतो.

दुसरी गोष्ट, संस्था लहान जागी करून दाखवते आणि मग सरकार ते मोठ्या जागी करतं. याचं उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं नाही, राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या गडचिरोलीतलं आहे, पण आपल्या घरापर्यंत आलेलं आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच बाईला प्रशिक्षण द्यायचं, तिने बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायचं, ऊब कशी द्यायची ते दाखवायचं, श्वास मोजायचे, गरज पडली तर उपचार करायचे. बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताई हेच घरभेटीचं काम करू लागल्या. आपल्या पाड्यावरची आशाताई वजनकाटा घेऊन डोंगर चढते, त्याचं मूळ तिकडे आहे. ती सरकारची आहे म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

आता स्थलांतराकडे येते. हा भाग लिहिताना माझा हात जरा जड होतो.

दिवाळी झाली की आपल्या वर्गांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर, सगळीकडून घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातला जातात. बारडोली, सुरतकडे. काही खाली शहाद्याच्या उसावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. लहान पोरं बरोबर, आणि मोठी मुलगी लहानग्याला सांभाळायला. ती मुलगी म्हणजे आपली तिसरी-चौथीची विद्यार्थिनी. होळीला परत येते तेव्हा वाचन विसरलेली असते.

यावर राज्यात दोन वाटा निघाल्या. एक, मूल जिथे जातं तिथे शाळा न्यायची. तेव्हाच्या औरंगाबादच्या 'जनार्थ' संस्थेने कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या. दुसरी वाट, मूल गावातच ठेवायचं. त्यातून हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आली, ती शाळा व्यवस्थापन समितीने चालवायची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाल्यावर तर प्रत्येक मुलाला शाळेत ठेवणं ही सरकारची जबाबदारीच झाली. मला स्वतःला दुसरी वाट बरी वाटते. उसाच्या फडाशेजारच्या शाळेत दुपारपर्यंत निम्मी मुलं झोपलेली असतात, कारण पहाटे आईबापांबरोबर उठलेली असतात. पण आई सांगते, "मॅडम, पोरगी तुमच्याकडे ठेवली तर लहान्याला कोण धरील?" त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

आमच्या पाड्यावर काही वर्षांपूर्वी एक संस्था आली. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. त्यांनी ठरवलं की जी मुलं आजीजवळ राहतील त्यांना संध्याकाळी जेवण आणि दोन तास अभ्यास द्यायचा. गावातलीच एक ताई स्वयंपाकाला, एक बारावी झालेला मुलगा शिकवायला. दोन हंगाम इतकं छान चाललं! आज्या स्वतः पोरांना आणून सोडायच्या. दुसऱ्या वर्षी तर माझ्या वर्गातून फक्त दोनच मुलं गेली. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी वाट बघते आहे, आज सुरू होईल, उद्या होईल. फोन केला तर कळलं, प्रकल्पाची मुदत संपली, देणगीदाराने आता दुसरा विषय घेतला आहे. आम्हाला कोणी कळवलंही नव्हतं. आईबाप पोरांना आजीजवळ ठेवून निघून गेलेले. आज्यांकडे धान्य बेताचं. चार मुलांना नंतर मामा येऊन फडावर घेऊन गेला.

मी त्या संस्थेवर बरेच दिवस रागावलेली होते. आता कळतं की रागवायचं तर स्वतःवरही. दोन वर्षं मी एकदाही विचारलं नाही, की हे कधीपर्यंत आहे आणि त्यानंतर कोण करणार. आमच्या समितीनेही विचारलं नाही. आयतं मिळत होतं.

मुदत अशी मध्येच का संपते? बहुतेक प्रकल्प तीन वर्षांचे असतात, कारण पैसा तसा येतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. पण त्याच कायद्यात असंही आहे, की कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कंपन्या कुठे? मुंबई, पुणे, ठाणे. मग पैसा तिकडेच जास्त रेंगाळतो. जिथे कारखाना नाही तिथे गरज जास्त आणि निधी कमी. परदेशी देणगीचे नियम २०२० मध्ये कडक झाले. मोठ्या संस्थेला आलेला परदेशी पैसा तिने लहान संस्थेला पुढे द्यायचा नाही असं ठरलं. हिशेब चोख राहावा हा हेतू असेल, पण डोंगरातली लहान संस्था दिल्लीला स्वतः अर्ज कसा करणार? इंग्रजीत अहवाल कोण लिहिणार? ज्याला लिहिता येतो त्याला निधी, असं होऊन बसतं.

आर्थिक विकासाचं बोलायचं तर आपल्या धडगावचा आमचूर बघा. गावठी आंबा, कैरी सोलायची, चिरायची, घराच्या छपरावर किंवा खडकावर वाळवायची. कष्ट सगळे बाईचे. भाव मात्र व्यापारी सांगेल तो, कारण पावसाआधी विकावंच लागतं आणि घरात पैशाची गरज असते. समजा दहा बायकांनी आपला माल एकत्र केला, स्वच्छ कापडावर वाळवून पांढरा ठेवला, कोरड्या जागी साठवला आणि दोन महिने थांबून विकला, तर तोच आंबा आणि तेच हात असून पैसा जास्त येतो. मधलं थांबणं कोणाला परवडतं? ज्यांच्या गटाकडे थोडं भांडवल आहे त्यांना. बचत गटाचं, संस्थेच्या पाठबळाचं खरं काम या दोन महिन्यांत असतं. आंबा कसा चिरायचा हे बाईला शहरातून येऊन कोणी शिकवायला नको.

बियाण्याचंही तसंच. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केलेल्या 'बाएफ' संस्थेने धडगाव भागात मका आणि ज्वारीचे गावठी वाण जपण्याचं काम लोकांबरोबर केलं. हरणखुरी गावात शेतकऱ्यांची बियाणे समिती झाली, तिला नाव याहामोगी मातेचं. पद्धत साधी. बी न्यायचं, पिकलं की वाढवून परत आणायचं. मुलांना मी सांगितलं, ही धान्याची बँक आहे आणि व्याजही धान्यातच. एक मुलगी म्हणाली, "आमची आजी तर मडक्यात राख घालून ठेवते." बरोबर आहे. आजीचं मडकं फुटलं की वाण गेला, बँकेत दहा घरांचं राहतं, एवढाच फरक. बाहेरच्यांनी येऊन नवं काही दिलं नाही, होतं ते टिकवायची सोय केली. मला असं काम आवडतं. तिकडे नंदुरबारजवळ कोळद्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, तेही डॉ. हेडगेवार सेवा समिती ही संस्था चालवते आणि पाठबळ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं. पैसा सरकारी, चालवणारी संस्था, हाही एक प्रकार असतो.

आता वर्गात काय केलं ते. मुलांना तक्ता दिला नाही, फक्त एक काम दिलं : घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्या पाड्यावर बाहेरून कोण कोण आलं, त्यांनी काय केलं, आणि त्यातलं आज काय आहे. तीन दिवस दिले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चित्र काढायचं. मुलांनी जे आणलं ते ऐकून मी थक्क झाले. कोणी बंद पडलेल्या सौरदिव्याचा खांब काढला होता, आजोबा त्याला बकरी बांधतात म्हणे. कोणी शौचालय, ज्यात आता कडबा ठेवतात. एकीने शिलाई मशीन काढलं, ते मात्र चालू आहे, तिची काकू त्यावर ब्लाऊज शिवते. आणि तो बिस्किटवाला मुलगा. त्याच्या आजोबांनी त्याला घरामागच्या उतारावर नेऊन मातीचा बांध दाखवला होता. "मॅडम, आजा म्हणतो संस्थेने मजुरी दिली, माती आम्हीच टाकली. आधी इथे खडक होता, आता भात होतो." मी विचारलं, संस्थेचं नाव? ते आजोबांना आठवत नव्हतं. बांध मात्र दरवर्षी ते स्वतः नीट करतात.

त्या दिवशी वर्गात भरपूर वाद झाला. सौरदिवा का बंद पडला? बॅटरी गेली, नवी कोण आणणार ते ठरलं नव्हतं. बांध का टिकला? तो दुरुस्त करायला फक्त फावडं लागतं, आणि तो आजोबांच्या शेतात आहे. चौथीच्या मुलांनी हे स्वतः काढलं, मी एक शब्द सांगितला नाही. तुम्ही घ्याल तेव्हा एक काळजी घ्या. काही घरी संस्थेबद्दल राग असतो किंवा दोन गटांची भांडणं असतात, तिथे मुलाला नाव विचारायला लावू नका, वस्तू विचारायला लावा.

पालकांनाही दोन शब्द. शाळेत किंवा पाड्यावर कोणी संस्था आली तर तोंड फिरवू नका आणि लगेच हारही घालू नका. नोंदणी क्रमांक विचारा, चांगली संस्था तो आनंदाने दाखवते. नीती आयोगाच्या 'दर्पण' या संकेतस्थळावर अनेक संस्थांची माहिती असते, नसेल बघता येत तर शाळेत या, आपण मिळून बघू. तुमच्या मुलाचा फोटो कुठे जाणार ते विचारा, नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आणि मी जे विचारायला विसरले ते विसरू नका : किती वर्षं आहात, आणि गेल्यावर हे कोण चालवणार? हा प्रश्न ग्रामसभेत विचारला आणि तो इतिवृत्तात लिहून घेतला तर आणखी बरं.

आमच्याकडे सध्या असं आहे. ती स्वयंपाक करणारी ताई आता शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शिकवणारा मुलगा नंदुरबारला पुढचं शिकतो आहे, सुट्टीत येतो तेव्हा पोरांना बसवतो. त्या दोन हंगामांचा हजेरीचा कागद ताईने जपून ठेवला होता, कोण राहिलं, कोण किती दिवस जेवलं. त्याच कागदाच्या जोरावर आम्ही यंदा हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव केला, ग्रामसभेचा ठराव जोडला आणि केंद्रप्रमुखांकडे दिला. मंजुरी अजून यायची आहे. दिवाळीला पाच आठवडे आहेत, आणि वर्गातल्या तीन मुलांच्या घरी मुकादमाची उचल येऊन गेली आहे. ताईने धान्यासाठी घरोघर विचारायला सुरुवात केली आहे. काल एका घरून दहा किलो मका आला. तो सध्या माझ्या वर्गातल्या कपाटाशेजारी ठेवला आहे.